जखमी हरणावर दुसरा बाण: सोडायचा की थांबायचे?

ओहायोकाठ

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. मूळचा सातारा जिल्ह्यातला आहे, पण घरात शिकारीची परंपरा म्हणावी असे काही नव्हते. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांमुळे कंपाउंड धनुष्य, म्हणजे कप्प्या लावलेले आधुनिक धनुष्य, हाती आले. आमच्याकडे हरणांची संख्या फार वाढलेली आहे आणि दाट वस्तीत बंदूक चालवता येत नाही, त्यामुळे उपनगरांतून धनुष्याचाच पर्याय उरतो. पिट्सबर्ग शहरानेही २०२३ पासून फ्रिक आणि रिव्हरव्ह्यू या दोन उद्यानांत निवडक धनुर्धाऱ्यांना शिकारीची परवानगी देण्यास सुरुवात केली. शिकार मुळात करावी की करू नये हा वाद मोठा आहे आणि त्यासाठी वेगळा धागा काढावा, अशी विनंती आहे. माझा प्रश्न पहिला बाण सुटून गेल्यानंतरचा आहे.

गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी अठरा फुटांवरच्या मचाणावर बसलो होतो. संध्याकाळचे पावणेपाच वाजले असतील. बावीस यार्डांवर एक मादी पूर्ण आडवी उभी राहिली. मी बाण सोडला आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकले, त्यामुळे बाण फुप्फुसाऐवजी वीतभर मागे, पोटात लागला. ती पंधरावीस पावले धावली आणि मग थांबली. पाठीला पोक काढून, शेपूट खाली पाडून, माझ्याकडे पाठ करून ती सुमारे पस्तीस यार्डांवर उभी होती. मी दुसरा बाण प्रत्यंचेवर चढवला, पूर्ण ओढून धरला आणि सोडला नाही. मागच्या बाजूने हरणावर कधीही बाण सोडायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवले होते आणि त्या क्षणी मला तेवढेच आठवले. ती चालत झुडपांत गेली.

शेजाऱ्यांनी फोनवर सांगितले की पोटात बाण लागला असेल तर सकाळपर्यंत मागावर जायचे नाही. मी त्यांचे ऐकले. सकाळी सातला ती त्या जागेपासून सव्वाशे पावलांवर मेलेली सापडली. रात्री दवाचे हिम झाले होते, तरी कातडीखाली हात घातल्यावर चांगलीच ऊब लागली. याचा अर्थ रात्रीचा बराच भाग ती जिवंत होती, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हा विचारायचे ते असे: तो दुसरा बाण मी सोडायला हवा होता का? आणि रात्रीच मागावर जाऊन ती जिवंत दिसली असती, तर काय करणे योग्य ठरले असते?

मचाणवाला

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि एकोणीस हंगाम धनुष्याने शिकार केलेली आहे. अमेरिकेत धनुष्यासाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम पहिल्यांदा आमच्याच राज्यात १९३४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे येथील जुन्या मंडळींकडून या विषयावर पुष्कळ ऐकायला मिळते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्टच देतो: होय, सोडायला हवा होता.

मागून बाण मारायचा नाही हा नियम पहिल्या बाणाचा आहे. हरीण निरोगी असते, आपल्याला कसलीही घाई नसते आणि बाण न सोडल्याने कोणाचेही नुकसान होत नाही, म्हणून तेथे कोनाबद्दल अत्यंत कडक राहता येते आणि राहिलेच पाहिजे. आडवे उभे असलेले किंवा किंचित पलीकडे तोंड केलेले हरीण सोडून दुसऱ्या कोणत्याही स्थितीत पहिला बाण सुटता कामा नये. पण घाव लागला आणि तो वर्मी नाही हे कळले की हिशेब उलटा होतो. आता बाण न सोडण्यालाही किंमत आहे, आणि ती हरीण मोजणार आहे. मागून मारलेला बाण मांडीच्या आतल्या बाजूची मोठी रोहिणी तोडू शकतो आणि तसे झाले तर रक्तस्राव इतक्या वेगाने होतो की जनावर फार दूर जात नाही. तो बाण ओटीपोटातून पुढे फुप्फुसापर्यंतही जाऊ शकतो. मांस खराब होईल, आतडी फाटतील, सगळे खरे. पण तुमच्या बाबतीत पोट आधीच फाटलेले होते.

तरीही दोन अडचणी सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर माझे उत्तर फारच सोपे वाटेल. आधुनिक धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला अडीचशे ते तीनशे फूट जातो आणि आवाज अकराशे फुटांहून जास्त. म्हणजे पस्तीस यार्डांवरच्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या बराच आधी पोहोचतो. बेसावध हरीणसुद्धा पळण्यासाठी उसळी घेताना आधी खाली दबते आणि बाण वरून निघून जातो. एकदा बाण खाऊन कान टवकारून उभे असलेले हरीण तर याहून लवकर दबते. दुसरी अडचण हालचालीची आहे. बंदुकीत दुसरी गोळी तयारच असते. धनुष्यात भात्यातून बाण काढा, चढवा, ओढा, आणि हे सगळे मचाणावर, हरीण आता तुमच्याच दिशेला संशयाने बघत असताना. तुम्ही तो पूर्ण ओढेपर्यंत ती उभी राहिली, ही तुम्हाला मिळालेली दुर्मीळ संधी होती. रागावू नका, पण म्हणूनच ती गेल्याची हळहळ जास्त वाटते.

रात्री न जाण्याचा सल्ला मात्र बरोबर होता. बाणाची जखम बंदुकीसारखा मोठा धक्का देत नाही. बाणाच्या टोकाची पाती जे कापतात त्यातून रक्त जाऊन मृत्यू येतो. म्हणून बाण सापडला की आधी बाण वाचायचा. त्यावर फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, आणि अर्ध्या तासाने मागावर निघता येते. गडद तांबडे रक्त असेल तर यकृत. चार ते सहा तास थांबावे. हिरवट-तपकिरी चिकटा आणि रवंथाची घाण असेल तर कोठा किंवा आतडे, आणि तेथे आठ ते बारा तास. पोटात घाव लागलेले हरीण मागे कोणी नसेल तर शेदोनशे यार्डांत बसते आणि बहुतेकदा तेथेच मरते. त्याला उठवले तर ते मैलभर जाते, रक्ताचा माग जवळजवळ पडत नाही, कारण आतडी जखमेचे तोंड बुजवतात, आणि मग ते कोणालाच सापडत नाही.

तुमच्या पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून दोरीला बांधलेला माग काढणारा कुत्रा वापरणे कायदेशीर आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच अशा एखाद्या कुत्रेवाल्याचा फोन नंबर घेऊन ठेवा.

वैदर्भी पशुवैद्य

मी शिकार करत नाही आणि माझा धनुष्याशी काहीही संबंध नाही. विदर्भात वनखात्यासाठी जखमी चितळ, सांबर आणि नीलगायींवर उपचार करण्याचे काम मात्र बरीच वर्षे केले आहे. गाडीने उडवलेली, कुत्र्यांनी फाडलेली, तारेच्या फाशात अडकलेली अशी जनावरे असतात. मचाणवाला यांनी जे लिहिले आहे त्यातला अर्धा भाग मला पटतो, अर्ध्यावर आक्षेप आहे.

पटते ते असे. हरणाच्या जातीचे प्राणी पाठलागाने मरतात, आणि हे मी शब्दशः म्हणतो. आमच्याकडे पकडताना किंवा हुसकताना फार दमछाक झालेले चितळ, अंगावर मोठी जखम नसतानाही, काही तासांनी किंवा दिवसांनी स्नायू निकामी होऊन दगावते. त्यामुळे जखमी जनावराला हुसकू नये या म्हणण्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. बसलेले, कोणी मागे नसलेले हरीण आणि भीतीने पळणारे जखमी हरीण यांच्या यातनांत फरक आहे, हेही मी मान्य करतो.

आक्षेप घेतो तो "बहुतेकदा तेथेच मरते" या शांत वाक्यावर. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली तर मेंदूला प्राणवायू मिळणे थांबते आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. तो मृत्यू मी वाईट म्हणणार नाही. कोठा फुटला तर त्यातला आंबलेला चारा आणि जिवाणू उदरपोकळीत पसरतात, पोटाच्या आतल्या आवरणाला दाह होतो आणि मग रक्तदाब हळूहळू कोसळत जातो. यात शुद्ध शेवटपर्यंत असू शकते. हरीण ओरडत नाही म्हणून त्याला वेदना नाही असे समजू नये, कारण भक्ष्य प्राण्यांना वेदना लपवण्याची सवयच असते. पाठीला काढलेले पोक हीच त्याची किंकाळी समजावी.

आता प्रामाणिकपणे विचारा की ते आठ-बारा तास कोणासाठी आहेत. काही अंशी हरणासाठी, हे वर कबूल केलेच आहे. पण काही अंशी ते शिकाऱ्यासाठी आहेत, म्हणजे जनावर हाती लागावे, मांस आणि शिंगे मिळावीत यासाठी. याची खूण अशी की ऑक्टोबरात उकाडा असला की हाच नियम ढिला होतो आणि लोक लवकर निघतात, कारण मांस नासेल. हरणाच्या यातना तर उकाड्यात कमी होत नाहीत. शिवाय रात्री कायोटी (तिकडचे कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी) आले तर ते हरीण मरण्याची वाट बघत नाहीत.

म्हणून ओहायोकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: रात्री ती जिवंत दिसली असती, डोके वर, बाणाच्या पल्ल्यात आणि मधे झुडूप नसलेली, तर तो बाण सोडणे हे कर्तव्यच होते. ती दिसली पण बाण खात्रीने लागणार नव्हता, तर आल्या पावली, वाऱ्याची दिशा सांभाळून, मागे फिरणे. शोधण्यासाठी रात्री निघावे की नाही याचे मात्र मी छातीठोक उत्तर देणार नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी त्याच्या कलम ११ मध्ये बरे होण्यापलीकडे जखमी किंवा रोगग्रस्त झालेल्या जनावराला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. निरोगी जनावर आणि वाचू न शकणारे जनावर यांच्याबाबतचे आपले कर्तव्य एकच नसते, हे त्या कायद्यालाही मान्य करावे लागले आहे.

डेव्हनकर

इंग्लंडमध्ये राहतो, येथे रायफलने हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या कामात मदत करतो. मला या चर्चेत सगळेजण मूळ मुद्द्याला वळसा घालत आहेत असे वाटते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या डिअर ॲक्टनुसार हरणावर बाण चालवणे हाच गुन्हा आहे. आम्हाला शिकवतात की पहिली गोळी लागताच, हरीण पडले तरी, दुसरी गोळी भरायची आणि दुर्बिणीतून नजर न हटवता थांबायचे. दुसऱ्या वाराची सोय ज्या हत्यारात नाही, ते हत्यार मुळात घ्यावेच का? मचाणवाला यांनी ज्या दोन अडचणी सांगितल्या त्या दुसऱ्या बाणाच्या नसून धनुष्याच्याच आहेत.

त्याच कायद्यात एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. बंद हंगाम आणि रात्रीची बंदी हे दोन्ही नियम जखमी किंवा आजारी हरणाच्या यातना थांबवण्यासाठी केलेल्या कृतीला लागू होत नाहीत. तुमच्याकडे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकारीची वेळ संपते, आणि धनुष्याच्या हंगामात बंदुकीने हरीण मारता येत नाही. म्हणजे पावणेपाचला जखमी झालेल्या हरणाला यातनांतून सोडवण्यासाठी तुमच्या हातात पाऊण तास होता आणि सल्ला देणारे सांगतात बारा तास थांबा. या गणितात हरीण कोठे बसते?

मचाणवाला

डेव्हनकर, प्रश्न रास्त आहे, पण पिट्सबर्गच्या परसात रायफल चालवता येत नाही, आणि तेथे धनुष्याला खरा पर्याय रायफल नसून मोटारीचा बंपर आहे. त्या जखमांबद्दल पशुवैद्य अधिक सांगतील.

धनुष्याने किती हरणे जखमी होऊन निसटतात यावर अभ्यास झालेले आहेत आणि ते आमच्या बाजूचे नाहीत, म्हणून सांगतो. मेरीलँडमधील इंडियन हेड येथील नौदलाच्या आवारात बऱ्याच वर्षांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या गेल्या. तेथे येणाऱ्यांची नेमबाजीची परीक्षा घेतली जात असे आणि धनुष्ये आधुनिक होती. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के सापडली नाहीत. ओक्लाहोमात १९९० च्या दशकात, रेडिओ कॉलर घातलेल्या नरांवर, जुन्या पद्धतीच्या धनुष्यांबाबत केलेल्या अभ्यासात २२ नरांना बाण लागले, त्यातले ११ मिळाले नाहीत. पण त्या अकरांपैकी तीनच मेले. कॉलर नसती तर शिकाऱ्यांनी अकराही मेले असेच धरले असते, किंवा स्वभावानुसार अकराही वाचले असे.

हा शेवटचा आकडा दुसऱ्या बाणाच्या प्रश्नाला अवघड करतो, आणि माझ्या वरच्या उत्तरात मी हे लिहायला हवे होते. बाण पाठीच्या कण्यावरच्या मांसात किंवा खांद्याच्या स्नायूत लागला असेल तर ते हरीण बरे होण्याची चांगली शक्यता असते. तेथे मागून घाईघाईने मारलेला दुसरा बाण जगू शकणाऱ्या हरणाला पोटफाडीचे मरण देईल. म्हणून आधी पहिला बाण कोठे लागला हे डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. यासाठी मी मागचा भाग उजळणारे बाण वापरतो. अंधूक प्रकाशात बाण कोठे घुसला हे त्या ठिपक्यावरून कळते. ओहायोकाठ यांनी पोटातला घाव पाहिलेला होता, म्हणून त्यांच्यापुरते माझे उत्तर बदलत नाही.

वेळेच्या नियमाबद्दल डेव्हनकरांचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्याकडे राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत आणि रात्री मागावर जाताना धनुष्य बरोबर नेता येते का, हे प्रत्येकाने आपल्या राज्याच्या वनरक्षकाला फोन करून विचारावे. मी तो फोन पाच-सहा वेळा केलेला आहे.

वैदर्भी पशुवैद्य

मोटारीबद्दल विचारले आहे म्हणून एवढेच: कंबर मोडलेले चितळ रस्त्याकडेला सहा तास पडून असलेले मी पाहिलेले आहे. पण एक यातना दुसरीपेक्षा मोठी आहे, म्हणून दुसरीचा हिशेब माफ होत नाही.

पोथीवाचक

पुण्याहून लिहितो. शिकारीतले मला काही कळत नाही, पण आदिपर्वातली पांडू आणि किंदम ऋषींची गोष्ट येथे कोणी काढली नाही याचे नवल वाटले. किंदम मृगाचे रूप घेऊन मृगीशी रममाण असताना पांडूने त्या दोघांना पाच बाणांनी विंधले, एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यापुढचा वाद सहसा सांगितला जात नाही. पांडू म्हणतो की मृग मारणे हा राजांचा धर्मच आहे. त्यावर किंदम त्याला मृग मारल्याचा दोष देतच नाही. तू थोडा वेळ थांबला का नाहीस, एवढाच दोष देतो आणि त्याच चुकीसाठी शाप देतो. म्हणजे मारावे की नाही यापेक्षा बाण केव्हा सोडला आणि केव्हा आवरला, हा प्रश्न आपल्याकडेही वेगळा मानलेला दिसतो. या चर्चेत मात्र थांबल्याचाच दोष लागतो आहे, ही गंमत.

आणखी एक शंका. तुमच्याकडे हा धनुष्याचा हंगाम नोव्हेंबरात, म्हणजे हरणांच्या माजाच्या काळातच असतो असे वाचले आहे. ते खरे का?

ओहायोकाठ

सर्वांचे आभार. थोडक्यात लिहितो.

मचाणवाला, दुसऱ्या बाणाचा सराव मी कधी केलाच नव्हता. अंगणात गवताच्या लक्ष्यावर आपण एक बाण मारतो, चालत जाऊन काढतो, परत येतो, आणि प्रत्येक बाण पहिलाच असतो. मेपासून मी पावसाळी जोडे आणि जाड कोट घालून, शिडीवर उभा राहून, पहिला सुटताच दुसरा चढवण्याचा सराव करतो आहे. सुरुवातीला सतरा सेकंद लागत होते, आता नऊ लागतात. पस्तीस यार्डांवर दुसरा बाण दहापैकी सात वेळा हवा तेथे लागतो. दहापैकी सात हे पहिल्या बाणासाठी मला पुरेसे वाटणार नाही. दुसऱ्यासाठी, तुमचे उत्तर वाचल्यावर, पुरेसे वाटते. कुत्रेवाल्या बाईंचा नंबर भात्यावर चिकटवला आहे. त्या वीस मैलांवर राहतात आणि पैसे घेत नाहीत, पेट्रोल तेवढे मागतात.

डेव्हनकर, पहिला बाण किती अंतरापर्यंत सोडायचा ती मर्यादा मी तिसावरून वीस यार्डांवर आणली आहे. तुमच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नाही, हे मला समजते.

पशुवैद्य महोदय, तुम्ही "कोणासाठी" असे विचारलेत. त्या रात्री मी जेवलो, झोपलोही. सकाळी उठून पहिला विचार आला तो मांस वाया गेले नसेल ना, हा.

पोथीवाचक, होय, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा हा आमच्याकडे ऐन माजाचा काळ असतो आणि बहुतेक शिकारी रजा राखून ठेवतात त्या त्याच आठवड्यासाठी. त्या मादीच्या मागे चाळीसेक पावलांवर एक नर होता. तिने जे पाऊल पुढे टाकले ते त्याच्यामुळे. मूळ प्रश्नात मी हे लिहिले नव्हते.